अर्ध्या गोळीची मंजुरी

मांजर पाळायला माझा विरोध होता आणि तो मी कारणांसह मांडला होता. आम्ही मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर राहतो, सोसायटीत उंदीर नाहीत, आणि निवृत्तीनंतर मला जी शांतता हवी होती तिच्यात पहाटे पाचला ओरडणारा प्राणी कुठेच बसत नव्हता. बायकोने सगळी कारणं नीट ऐकून घेतली आणि मांजरासमोर दुधाची बशी ठेवली. विषय संपला.

मांजर म्हणजे तेव्हा मूठभर पिल्लू होतं. दिल्लीच्या थंडीत पिल्लं उबेसाठी गाड्यांच्या बॉनेटखाली शिरतात, म्हणून इंजिन चालू करण्याआधी मी बॉनेटवर थाप मारतो. त्या सकाळी थाप मारली तर आतून उत्तर आलं. तिला नाव असं आम्ही ठेवलंच नाही. नावं मात्र मी भरपूर ठेवली. केसाळ, आळशी, फुकटखाऊ. ती माझ्या खुर्चीत झोपायची आणि मी बेताने बसायचो, म्हणजे तिच्या बेताने. वर्षभरात घरात कोण कोणाला पाळतंय हे स्पष्ट झालं होतं.

पुढच्या जानेवारीत ती जेवेनाशी झाली. ताप आला. आमच्या जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताप उतरला नाही. अंग वाळत चाललं आणि पोट मात्र फुगत चाललं. हिरड्या पिवळ्या पडल्या. डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढलं, ते पिवळंधमक आणि चिकट, बोटाला लावून ओढलं तर तार धरणारं. ते पाहिल्यावर त्यांनी सुई बाजूला ठेवली आणि हात धुवायला गेले. हात धुऊन आले तेव्हा त्यांना काय सांगायचं आहे ते मला कळलं होतं. पस्तीस वर्षं केंद्राच्या मंत्रालयात काढली. नकार देणारा माणूस आधी हात धुतो हे मी ओळखतो.

मांजरांच्या आतड्यात एक साधा विषाणू असतो, कोरोनाच्याच घराण्यातला. बहुतेक मांजरांना त्याचं काही होत नाही. एखाद्या मांजराच्या अंगात मात्र तो आपलं रूप बदलतो आणि मग पोटात, डोळ्यांत, मेंदूत पसरतो. डॉक्टर म्हणाले, यावर इलाज नाही, तिला फार त्रास होऊ देऊ नका. भला माणूस होता. ते शिकले तेव्हा पुस्तकात जे होतं तेच त्यांनी सांगितलं.

बायको घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, दुसऱ्या कोणाला तरी विचारा. एवढीशी आहे ती." छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे स्वतःसाठी फारसं काही मागितलेलं नाही, हे मात्र मागणं होतं. मी हो म्हणालो.

विचारलं आमच्या मुलीने. ती गुरुग्रामला नोकरी करते आणि तिच्या फोनमध्ये जगातल्या प्रत्येक गोष्टीचा एक ग्रुप आहे. अर्ध्या तासात तिचा फोन आला. "बाबा, सुनो, औषध आहे! लोक बरे करतायत मांजरांना. नोएडात एक डॉक्टर आहे, ती ट्रीट करते. उद्या सकाळीच जा, बिल्कुल लेट नका करू."

नोएडाची डॉक्टर आमच्या मुलीच्याच वयाची होती. तिने पोट दाबून पाहिलं, कागद वाचले आणि हात न धुता खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. मला तिथेच बरं वाटलं. तिने हिंदीत समजावून सांगितलं ते असं. विषाणू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल करत सुटतो. हे औषध त्याच्या हातात एक खोटं अक्षर देतं. ते अक्षर घेऊन तो नक्कल करायला जातो आणि मध्येच अडकतो. कोरोनाच्या साथीत दवाखान्यांबाहेर लोक ज्या इंजेक्शनसाठी रांगा लावून उभे होते, त्याचं हे सख्खं भावंड. गंमत म्हणजे मांजरांना ते लागू पडतं हे शास्त्रज्ञांना साथीच्या आधीच कळलं होतं. पण ज्या कंपनीकडे औषध होतं तिचा डोळा माणसांच्या औषधावर होता. त्यामुळे मांजरांसाठी ते दुकानात आलंच नाही. मग मांजरवाल्यांनीच जगभर एकमेकांना धरून ते मिळवलं, दिलं, नोंदी ठेवल्या, आणि त्या नोंदींवर डॉक्टर शिकले. आता काही देशांत ते रीतसर मिळतं. आपल्याकडे अजून असं फळीवर मिळत नाही.

"मतलब लाइसेंस नहीं है?" मी विचारलं.

"बिल्ली के लिए नहीं है, अंकल."

मी आयुष्यात बिनपरवान्याची एक वस्तू घरात आणलेली नाही. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा बाल्कनीला जाळी लावायची तीसुद्धा अर्ज करून, उत्तराची दोन वर्षं वाट पाहून मग लावली. तोवर कबुतरांनी तिथे दोन पिढ्या वाढवल्या. आणि आता डॉक्टरने कपाटातून काढलेल्या, नुसती चिठ्ठी चिकटवलेल्या पांढऱ्या बाटलीतल्या गोळ्या मी माझ्या हाताने कोणाला तरी खायला घालणार होतो. बायको माझ्याकडे बघत होती. टोपलीतून एक बारीक आवाज आला.

मी म्हटलं, ठीक आहे. पण लिहून द्या.

डॉक्टर हसली. तिने आपल्या नावाचा कागद घेतला. वजन एक किलो आठशे ग्रॅम, अर्धी गोळी, रोज एकदा, ठरलेल्या वेळी, चौऱ्याऐंशी दिवस. सही केली. मी शिक्काही मागितला. तिने तो शोधून काढला, त्यावर हवा फुंकली आणि मारला.

"चौऱ्याऐंशी?" बायको बाहेर आल्यावर म्हणाली. "म्हणजे चौऱ्याऐंशीचा फेराच की हो!" आठवड्यानंतर प्रथमच तिच्या आवाजात थट्टा होती.

दारापर्यंत आलेली डॉक्टर आणखी एक वाक्य बोलली. "अंकल, हर हफ़्ते वज़न लीजिएगा। वज़न बढ़ेगा तो डोज़ भी बढ़ेगी।" मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं मी आजही म्हणणार नाही.

घरी येऊन मी फाइल उघडली. खरीखुरी फाइल, टॅग लावलेली. वर शिक्क्याचा कागद, खाली तक्ता: दिवस, वेळ, दिलेली मात्रा, शेरा. बिनपरवान्याचं काम करायचंच तर ते इतकं काटेकोर करायचं की कोणालाही बोट दाखवायला जागा राहू नये, असा माझा हिशेब. सकाळी आठची वेळ ठरली. आठ म्हणजे आठ.

पहिल्या दिवशी बायकोने गोळी द्यायचा प्रयत्न केला. तिने तोंड उघडायला बोट लावलं, मांजराने तिच्याकडे वर पाहिलं आणि बायकोने बोट मागे घेतलं. "मला नाही जमायचं. ती माझ्याकडे बघते." मग मी पुढे झालो. कोणी माझ्याकडे बघितलं म्हणून माझा विचार बदलत नाही. जुन्या पंचात तिला गुंडाळायचं, डाव्या हाताने डोकं मागून धरायचं, जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा रुतवायचा, तोंड उघडलं की गोळी थेट जिभेच्या मुळाशी टाकायची आणि नाकावर फुंकर मारायची. फुंकर मारली की मांजर गिळतंच. तिसऱ्या दिवसापर्यंत माझा हात बसला. इतका बसला की बायको म्हणायची, एवढ्या हलक्या हाताने कधी भाजी चिरली असतीत तर.

पाचव्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी ती स्वतःहून उठून स्वयंपाकघरात गेली आणि माशाच्या वासाने ओरडली. तो आवाज ऐकून आम्ही दोघं आपापल्या खोलीतून धावत आलो आणि दारात एकमेकांवर आदळलो. पोटातलं पाणी ओसरलं. हिरड्या गुलाबी झाल्या. ज्या दुखण्याला पुस्तकात इलाज नव्हता ते आमच्या डोळ्यांदेखत मागे हटत होतं. मी विज्ञानाचा माणूस नाही, पण त्या दिवसांत मिळेल ते वाचायला लागलो. मुलगी इंग्रजी लेख पाठवायची, मी ते छापून आणायचो आणि पेन्सिलीने खुणा करायचो. कुठल्याशा परदेशी विद्यापीठात कोणीतरी आयुष्यभर या एकाच दुखण्यामागे लागलं होतं, लागू न पडणाऱ्या औषधांमागून औषधं तपासत. सगळे सांगत होते की सोडून द्या. त्यांनी सोडलं नाही म्हणून आमच्या घरात मासा शिजत होता. या हट्टाचं मला फार कौतुक वाटलं. हट्ट हा माझाही एकमेव गुण आहे.

दर रविवारी बायको मांजराचं वजन घ्यायची. आधी स्वतः काट्यावर उभी राहायची, मग मांजराला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करायची. आकडा भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर लिहायची, एकादशी आणि गॅस सिलिंडरच्या मध्ये. दोन किलो. दोन किलो तीनशे. दोन किलो सातशे. दर रविवारी ती आकडा मोठ्याने वाचायची आणि मी पेपरातून मान वर करून "वा!" म्हणायचो.

वजनं कॅलेंडरवर होती. मात्रा फाइलमध्ये होती. फाइल माझी, कॅलेंडर तिचं.

महिन्याने रक्त तपासलं. रिपोर्ट उत्तम आला. डॉक्टरने मागितला होता रिपोर्ट, म्हणून मी रिपोर्ट पाठवला. तिने फोन केला. खातेय का? खातेय. वजन? "बढ़ रहा है," मी अभिमानाने म्हणालो. "बढ़िया, अंकल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. किती वाढलं ते तिने विचारलं नाही आणि जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. डॉक्टरला वाटलं, एवढा काटेकोर माणूस मात्रा वाढवतच असणार. बायकोला वाटलं, फाइल त्यांच्याकडे आहे, ते बघत असतील. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, मात्रा वाढवायची तर तसा नवा कागद येईल. कागद येत नाही तोवर मूळ मंजुरी कायम. अर्धी गोळी मंजूर आहे, अर्धी गोळी दिली. तक्त्यात रोज लिहिलं: अर्धी. अर्धी. अर्धी. एकही खाडाखोड नाही.

मला स्वतःची कीव येते ती इथे. मंत्रालयात माझ्या टेबलावरून एकही कागद चुकीचा पुढे गेला नाही, असं निरोपाच्या समारंभात सांगितलं गेलं होतं. ते खरं होतं. कागद चुकीचा नव्हताच.

छप्पन्नाव्या दिवशी सकाळी ती खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायला गेली आणि पडली. आम्ही हसलो. मांजर पडलं की माणूस हसतोच. तिने पुन्हा उडी मारली आणि पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती उडी मारायच्या बेतात नुसतीच बसून राहिली. मी तिला उचललं. मागचे पाय हातात सैल लोंबत होते. तिचं तोंड उजेडाकडे केलं तर उजवा डोळा ताकासारखा गढूळ झाला होता.

ऑटोत बायको टोपली मांडीवर घेऊन बसली होती, मी फाइल घेऊन.

डॉक्टरने डोळ्यात प्रकाश टाकून पाहिला, पाय ताणून पाहिले. मग तिला काट्यावर ठेवलं. तीन किलो शंभर. "अभी कितना दे रहे हैं?" तिने विचारलं. मी फाइल उघडून तक्ता तिच्यासमोर ठेवला. तिने पान उलटलं, मागचं पान उलटलं. मग ती पुन्हा पहिल्या पानावर आली.

"अंकल, आधी ही चल रही है?" अजून अर्धीच चालू आहे का, असं ती विचारत होती.

मी वरचा कागद दाखवला. तिची सही, तिचा शिक्का. माझं बोट त्या शिक्क्यावर होतं आणि ते बोट तिथे ठेवता ठेवताच मला कळलं. वजन जवळजवळ दुप्पट झालं होतं आणि औषध तेवढंच. गेले कित्येक आठवडे आम्ही त्या विषाणूला मारत नव्हतो, नुसतं चिडवत होतो. तो पोटातून हटून डोळ्यात आणि मेंदूत जाऊन बसला होता, जिथे औषध मुळातच कमी पोचतं.

डॉक्टर माझ्यावर चिडली नाही. मला हवं होतं तिने चिडावं. ती म्हणाली की चूक तिचीही आहे, तिने आकडा विचारायला हवा होता. मग तिने सांगितलं की जगात पहिल्यांदा हे औषध ज्या मांजरांना दिलं त्यांच्यातल्या काहींचं हेच झालं होतं. मात्रा कमी पडली, दुखणं उलटलं, तेव्हा संशोधकांनी मात्रा वाढवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आज डॉक्टर जी मात्रा देतात ती त्या मांजरांकडून शिकलेली आहे. म्हणजे ही चूक जगाने आधीच करून, मोजून, लिहून ठेवली होती. त्यांना ती करावी लागली, कारण त्यांच्या आधी त्या वाटेने कोणी गेलंच नव्हतं. मला करायचं काही कारण नव्हतं.

"तो फिर से?" मी विचारलं.

"फिर से. पहले दिन से. एक गोली सुबह, एक शाम को. चौरासी दिन." तिने पुढचंही सांगितलं. मधल्या काळात विषाणू औषधाला सरावला असेल तर काही होणार नाही. तसं असेल तर दहा दिवसांत कळेल.

घरी येताना बायको काही बोलली नाही. हे कोणाला समजणार नाही, म्हणून सांगतो. माझी बायको बोलते. गीझर चालू राहिला तर बोलते, चष्मा हरवला तर बोलते, एकदा मी मेट्रोत छत्री विसरलो होतो त्यावर ती उन्हाळ्यापर्यंत बोलत होती. तिच्या बोलण्यावर माझं घड्याळ चालतं. आणि आता तिच्या जिवातला जीव मी माझ्या हाताने मरणाच्या दारात नेला होता, तर ती म्हणाली, "संध्याकाळची कितीला द्यायची? आठलाच ना?" बस. एवढंच.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके बाबा, होता है." ते तर फारच लागलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी दिल्यावर मी नवा तक्ता आखायला घेतला आणि थांबलो. उठलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. बायकोने विचारलं, काय करता? मी म्हटलं, यापुढे वजनाच्या शेजारीच मात्रा लिहायची, एकाच ओळीत. ती बरं म्हणाली आणि मला पेन दिला.

पहिले दहा दिवस वाईट होते. उजवा डोळा तसाच. ती चालताना एका बाजूला झुकायची आणि भिंतीला अंग घासत जायची. आम्ही घरभर सतरंज्या पसरल्या, पाय घसरू नये म्हणून. मी रोज तिच्या नाकासमोर बोट फिरवायचो, बुबुळ मागे येतं का बघायचो. सहाव्या दिवशी वाटलं, येतंय. सातव्या दिवशी वाटलं, काल मला नुसताच भास झाला होता. नवव्या दिवशी ती सतरंजीच्या काठाला अडली, पाय उचलला आणि नीट पलीकडे ठेवला. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाली, व्हिडिओ भेजिए. मी पाच पाठवले.

मग मी त्या डॉक्टरला छळलं. दुसरा शब्द नाही. दर रविवारी वजन घेतलं की अकरा वाजता मी तिला फोन करायचो. नुसतं "वाढतंय" नाही, आकडा. किती होतं, किती झालं, त्याप्रमाणे गोळी किती बसते याचं गणित मी आधी करून ठेवलेलं असायचं आणि तिच्याकडून ते तपासून घ्यायचो. ती सुट्टीवर असली तरी करायचो. एका रविवारी मागून लग्नाचा बँड ऐकू येत होता. "अंकल, आपने तो नाक में दम कर रखा है," ती ओरडून म्हणाली, "सवा गोली, सवा! सही है!" मी आभार मानले आणि लिहून घेतलं.

एप्रिल गेला. मे महिन्यात पुण्याला भाच्याचं लग्न होतं. मी जाणार नाही म्हणालो. बहिणीने फोनवर मला मांजराच्या शेपटीला बांधलेला म्हातारा म्हटलं. मी म्हटलं, बांधलेला आहे खरा. बायको एकटी गेली, चार दिवस. रोज आठ वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन यायचा. "झालं?" "झालं." फोन बंद. तिथून तरी ती मला चार शब्द सुनावेल, लांबून सोपं जातं, असं वाटलं होतं. नाही.

जूनमध्ये दिल्ली कशी असते ते दिल्लीकरांना सांगायला नको. वीज गेली की तिला पंचात गुंडाळणं म्हणजे दोघांनाही शिक्षा. जास्त गोळ्या, जास्त कडू; ती तोंडाला फेस आणायची, अर्धी गोळी माझ्या बाहीवर थुंकायची, मी ती मोजून तेवढीच परत द्यायचो. माझ्या दोन्ही मनगटांवर ओरखड्यांची जाळी झाली होती. सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी म्हणालो, बिल्कुल. कधीकधी पंचातून तिचं एवढंसं तोंड माझ्याकडे बघायचं, एक डोळा स्वच्छ आणि एक धुरकट, आणि मला तिची क्षमा मागावीशी वाटायची. मी मागितलीही. बायको घरात नसताना.

चौऱ्याऐंशी दिवस झाले. डोळा निवळला होता, चाल सरळ झाली होती. पण या दुखण्यात गोळी थांबली म्हणजे सुटलो असं नाही. औषध बंद करून पुन्हा तेवढेच दिवस नुसती वाट बघायची असते. ते दिवस मला गोळ्यांपेक्षा जड गेले. हाताला काम नव्हतं. ती शिंकली की मी उठायचो. ती जास्त झोपली की मी तिला उठवायचो. ती कट्ट्यावर उडी मारायची आणि ती तिथे पोचेपर्यंत मी दोन्ही हात खाली धरून उभा राहायचो.

ऑगस्टच्या शेवटी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरने रक्ताचे आकडे पाहिले, डोळ्यात प्रकाश टाकला, आणि मांजराला टेबलावरून खाली सोडलं. ती तिथून उडी मारून सरळ माझ्या पिशवीवर जाऊन बसली. "ठीक हो गई, अंकल," डॉक्टर म्हणाली. "अब मुझे फ़ोन मत कीजिएगा." आणि तिचे डोळे भरून आले. माझेही. मी नाकाला रुमाल लावला आणि धुळीला दोष दिला.

बाहेर आलो. ऑटो मिळाली. टोपली आमच्या दोघांच्या मध्ये. ऑटो चौकात वळली आणि बायकोने माझ्याकडे पूर्ण वळून तोंड उघडलं.

"छप्पन्न दिवस!" ती म्हणाली. "छप्पन्न दिवस अर्धीच गोळी? दर रविवारी मी आकडा घसा फोडून वाचत होते, तुम्ही पेपर वाचत वा म्हणत होतात. वा कसली? शिकलेला माणूस, दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत? त्या पोरीने दारात उभं राहून सांगितलं होतं. मी ऐकलं, तुम्ही ऐकलं. कागद! कागद येईल म्हणे! मरणाला विचारता का कागद आणलास का म्हणून?" ती थांबली नाही. ऑटोवाला आरशातून बघायला लागला. तिचा आवाज फुटला, ती रडत होती आणि तरी बोलत होती. छत्तीस वर्षांत मी तिची इतकी बोलणी खाल्ली नव्हती, आणि तिच्या तोंडची एकही गोष्ट खोटी नव्हती.

ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने पदराने डोळे पुसले. "तेव्हा बोलले असते तर तुमचा हात थरथरला असता," ती म्हणाली. "मला तिच्या तोंडात बोट घालता येत नाही. गोळी द्यायला तुम्हीच होतात."

साडेपाच महिने ती हे गिळून बसली होती, माझा हात स्थिर राहावा म्हणून. मी टोपलीवरून हात नेऊन तिचा हात धरला. भर रस्त्यात, ऑटोत, या वयात.

"अजून आहे?" मी विचारलं.

"आहे ना. पुष्कळ आहे."

"मग बोल," मी म्हटलं, आणि ऑटोवाल्याला सांगितलं, भाई, आराम से चलो. ती घरापर्यंत बोलत होती.